जोरहाटच्या वाटेवर करंजा लागतं

पनवेलहून आसामातल्या जोरहाटला जायचं तर माणूस पूर्वेकडे निघतो. आम्ही पश्चिमेकडे निघालो, उरणच्या एसटीने, आणि तरी जोरहाटला पोचलो. म्हणजे मामी पोचली. मी करंज्यापर्यंत गेले आणि परत आले. पण जेवढं गेले तेवढं लिहिणार आहे, कारण पनवेलच्या सोसायट्यांमधल्या माझ्या ओळखीच्या लोकांनी दुबई पाहिलीय, बाली पाहिलंय, आणि करंजा पाहिलेलं नाही. पापलेट मात्र यांना करंज्याचंच लागतं. तर बसा आणि वाचा.

पनवेल

आधी माणसं सांगते. मामा म्हणजे करंज्याचा हसुराम, बोटीचा नाखवा. मामी म्हणजे हिरा, जिचं वाळवलेलं सुकट खाऊन मी वाढले. त्यांची मुलगी छाया लग्न होऊन जोरहाटला असते, नवरा लष्करात. छायाचं पहिलं बाळंतपण. ते माहेरीच व्हायचं, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पण शेवटच्या महिन्यांत तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नकार दिला. तेव्हा मामीने जाहीर केलं, "पोर म्हायेरी येत नाय तं म्हायेर पोरीकडं जाईल."

डॉक्टरीणबाईंनी जूनचा पहिला आठवडा सांगितला होता. मे सुरू होता. रेल्वेचं आरक्षण मिळत नव्हतं आणि विमानाचं भाडं ऐकून मामा बराच वेळ समुद्राकडे बघत बसला होता. उरले होते पॉइंट.

पॉइंट म्हणजे क्रेडिट कार्डाने खरेदी केली की बँक तुमच्या नावावर जे शाबासकीचे गुण लावते ते. मामाला हे कार्ड बँकेच्या एका गोड बोलणाऱ्या पोराने गळ्यात मारलं होतं. मी तेव्हाच "कार्ड हा गळफास आहे" असं पत्रक काढलं होतं, तेही दोन रंगांत. मामाने पत्रक कौतुकाने वाचलं आणि कार्ड घेतलं. मग झालं असं की, करंज्यात कुणाला फ्रिज घ्यायचा असला की तो मामाला दुकानात घेऊन जायचा. मामा थंड पेय प्यायचा, कार्ड घासायचा, आणि फ्रिज घेणारा संध्याकाळी घरी येऊन रोख पैसे द्यायचा. हप्ता नाही, व्याज नाही, कुणी बुडवलं नाही. फ्रिज झाले, मिक्सर झाले, छायाच्या हळदीचा मांडव, मटण आणि वाजवायला बेंजोचा ताफा झाला. एक अख्खी आळी एका कार्डावर नांदत होती आणि तिकडे पॉइंट साठत होते.

हे पॉइंट विमान कंपनीच्या सभासद खात्यात हलवता येतात. तिथे गेले की त्यांचे माइल्स होतात आणि माइल्समधून तिकीट निघतं. ऐकायला छान आहे. पण मी अटी वाचते, तो माझा धंदा आहे. अटींत लिहिलंय की पॉइंट एकदा हलवले की परत येत नाहीत. दहा दिले की दहा पोचतील असंही नाही, किती पोचतील ते कंपनी ठरवणार, आणि ते प्रमाण ती न विचारता बदलणार. याला यांच्या भाषेत हस्तांतर म्हणतात. माझ्या भाषेत याला दुसरा शब्द आहे, पण हे प्रवासवर्णन आहे.

त्या दिवशी बँकेच्या एका ऑफरचा शेवटचा दिवस होता. आज पॉइंट हलवले तर वर बोनस मिळणार होता. बोनस धरला तर मामी जोरहाटला पोचत होती. नाही धरला तर मामी कोलकात्यात उतरत होती.

मामी आदल्या दिवशीच पनवेलला माझ्या खोलीवर आली होती, बाजारातून स्वेटर घ्यायला. मे महिन्यात, पनवेलमध्ये, स्वेटर. मी म्हटलं, मामी, तिथे थंडी नाही. ती म्हणाली, "जावई मिलिटरीत हाय. मिलिटरी थंडीतच असते." दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकत एक मरून स्वेटर काढला, आणि मामीने तो अंगात घालून, घाम पुसत, पसंत केला.

सकाळी मी फोनवरून पॉइंट हलवायला घेतले तर लाल अक्षरं आली. माहिती जुळत नाही. मामीच्या नावावर त्याच कार्डाचं जोडकार्ड होतं, म्हणून आम्ही थेट शाखेत गेलो. टायवाला तरुण अधिकारी नम्र होता, तेवढं मान्य करते.

"मॅडम, सरांची जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी आहे. आमच्याकडे एक जून आहे."

"असणारच," मी म्हटलं.

"आणि एअरलाइनकडे ऑगस्टमधली दिसतेय. मग खरी कोणती?"

"एअरलाइनवाली."

"मग आमच्याकडची?"

"ती गुरुजींची."

त्याला कळेना. त्याचा दोष नाही, तो शहरात वाढलेला होता. तुम्हालाही सांगते. आमच्याकडे मामाच्या वयाच्या माणसांपैकी निम्म्यांचा जन्म एक जूनचा आहे. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, पोर कधीचं? आई सांगायची, भात लावायच्या आधीचं. गुरुजी लिहायचे, एक जून. करंज्यात तर त्याला आणखी एक अर्थ आहे. एक जूनपासून पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होते. म्हणजे त्या दिवशी आमच्याकडे समुद्र बंद होतो आणि माणसं जन्माला येतात.

आता विमान कंपनीचं खातं काढताना काय झालं, तेही सांगते. मी सवयीने एक जून टाकत होते. मामीने माझा हात धरला. मामा नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी जन्मला, हे सासूने तिला सांगितलं होतं. "आभाळातलं काम हाय, बाय. तिथं खोटी तारीख नको." माझ्यासारख्या बाईला हे पटायला कितीसा वेळ लागतो. आम्ही जुनी पंचांगं धुंडाळली, वर्ष ठरवलं, तारीख काढली, आणि एका माणसाला त्याचा खरा जन्म परत मिळवून दिला म्हणून मी त्या दिवशी उड्या मारत होते.

"दुरुस्ती होईल," अधिकारी म्हणाला. "पुरावा पाठवा. आठवडाभरात होते."

"बोनस आजच संपतोय."

"हो, मॅडम."

"या तारखेने देशातली किती माणसं अडतील, याचा विचार तुमच्या बँकेने केलाय का?"

मामीने मला कोपराने ढोसलं आणि त्याला विचारलं, "साहेब, इमानवाली कंपनी येकच हाय का दुसरी बी हाय?"

दुसरी होती. बँकेच्या यादीत होती, बोनसही तिला लागू होता, आणि जोरहाटला तीही जात होती, कोलकात्यात विमान बदलून. फक्त मामाच्या नावाने नवीन सभासद खातं काढायचं, या वेळी एक जून लिहायचं, आणि मामाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकायचा. मी शाखेतल्या बाकावरच खातं काढायला घेतलं. तारीख टाकताना मामी पंख्याकडे बघून हळूच म्हणाली, "माफ कर रे देवा. तुझ्यासाठी नाय, बँकेसाठी हाय."

ओटीपी मामाकडे गेला. मामा बोटीवर होता, पण किनाऱ्याच्या जवळ आला होता, फोन लागला.

"मामा, आकडे आलेत का?"

"आलेत."

"सांग."

"नाय."

"अरे, मी बोलतेय."

"तूच बोलतेस म्हनून नाय. तूच लिवलंयस. केबिनीत लावलाय तुझा कागद." आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडत त्याने माझंच पत्रक मला वाचून दाखवलं, "सख्खं माणूस मागत असेल, रडत असेल, तरी फोनवर ओटीपी सांगू नका."

मी रडत नव्हते, पण जवळ आले होते. हे पत्रक मी फसवणुकीच्या विरोधात पंचक्रोशीत घरोघर वाटलं होतं. आजवर माझं कुठलंही पत्रक कुणी इतकं मनावर घेतलेलं नाही.

"मामीला देते फोन."

"तिलाबी नाय. समोर या. दुपारच्या भरतीला धक्क्याला लागतो."

मामी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू होतं, ते दाबताना तिची चोळी हलत होती. "चल," ती म्हणाली, "म्हंजे जोरहाटला जायाला पयला घरी जायाचं."

जासई

उरणची एसटी पकडली. मामीच्या मांडीवर स्वेटरची पिशवी, माझ्या खांद्याला झोळी आणि झोळीत आमच्या नव्या आंदोलनाची पत्रकं. पत्रकाचं शीर्षक, "जासईचा रस्ता ट्रेलरचा गोठा नाही." जासई माझं गाव. भाताची खाचरं होती तिथे आता कंटेनर एकावर एक रचलेले आहेत, आणि कंटेनर वाहणारे ट्रेलर रस्त्याच्या दोन्ही अंगांना असे उभे असतात की मधून जाणारी एसटी म्हणजे सुईतला दोरा. त्या दिवशी दोरा अडकला.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कंडक्टरने टोपी तोंडावर ओढली. ऊन असं होतं की खिडकीच्या गजाला हात लावू नये. मी दुसऱ्या विमान कंपनीच्या जागा बघत होते. आमच्या तारखेला पॉइंटवर देण्याच्या जागा अगदी थोड्या दिसत होत्या. थोड्या वेळाने बघितलं तर त्याहून थोड्या. मग फोन बघायचीही सोय राहिली नाही, कारण तो मेला. सकाळपासून मी त्याला श्वास घेऊ दिला नव्हता.

"आता गं?" मामी म्हणाली.

शेजारी एक ट्रेलर उभा होता. त्याच्या सावलीत ड्रायव्हर स्टोव्हवर चहा करत होता. मामी खिडकीतून वाकून म्हणाली, "भाऊ, फोनला करंट देनार काय?" आणि मी काही म्हणायच्या आत आम्ही एसटीतून उतरून माझ्या शत्रूच्या केबिनमध्ये बसलो होतो. केबिनमध्ये पंखा होता. देवाचा फोटो होता, प्लास्टिकची झेंडूची माळ होती आणि चार्जर होता. माझ्या घरापेक्षा नीट लावलेलं घर होतं ते.

तो उत्तर प्रदेशातला होता, वयाने माझ्याएवढाच. त्याने स्टीलच्या ग्लासांत चहा दिला. मामीने पदराच्या गाठीतून मूठभर सुका जवळा काढला, माझ्या झोळीतून एक पत्रक ओढलं, त्यावर जवळा ओतून त्याच्यापुढे ठेवला. त्याने वास घेतला, मान हलवली, आणि नम्रपणे खाली छापलेल्या मजकुरावर बोट ठेवलं. काय लिहिलंय?

मी खोटं बोलत नाही. सांगितलं की, तुम्हाला इथून हाकला असं लिहिलंय.

तो इतका हसला की चहा सांडला. "हमको भी तो यही चाहिए, दीदी. परसों से खड़े हैं."

मग त्याने विचारलं, एवढ्या घाईने कुठे? मी त्याला पॉइंटची सगळी कथा सांगितली. त्याने ती अजिबात न चुकता समजून घेतली, कारण त्याच्याकडेही पॉइंट होते. डिझेल भरलं की पंपाच्या कार्डावर पॉइंट पडतात. त्यातून कुकर मिळतो, मिक्सर मिळतो. मिक्सर कुणाला मिळाला, मी विचारलं. मालकाला. कार्ड मालकाचं ना. गाडी तो चालवतो, रात्री तो जागतो, आणि मिक्सर मालकाच्या बायकोकडे फिरतो. मी तिथेच झोळीतून कोरा कागद काढला आणि एका नव्या पत्रकाचा मथळा लिहिला. मामीने तो काढून घेतला आणि त्याने वारा घेऊ लागली.

तेवढ्यात पुढची रांग हलली आणि आमची एसटी आमच्याशिवाय निघून गेली. स्वेटरची पिशवी घेऊन. मामी ओरडली, "जावयाचा सेटर!" आणि आमच्या ड्रायव्हरने, मागच्या गाडीचा हॉर्न रडायला लागायच्या आधीच, ट्रेलर चालू केला.

तर सांगायचं हे, की ज्या दिवशी माझ्या झोळीत ट्रेलरविरोधी पत्रकं होती त्याच दिवशी मी जासईमधून ट्रेलरमध्ये उंच बसून गेले. नाक्यावर आमच्या संघटनेचाच बाळ्या उभा होता, पत्रकं वाटत. मी चेहऱ्यासमोर पत्रक धरलं. त्यामुळे त्याने पत्रक ओळखलं, आणि मग मला.

"काय गो," तो खालून ओरडला, "पक्ष बदललास?"

"तपासणीला चाललेय," मी म्हटलं.

"बस, बस. वरून रस्ता कसा दिसतो ते लिवून आन."

खरं सांगते, वरून रस्ता सुंदर दिसत होता. डाव्या हाताला खाडी, तिवरं, पांढरे बगळे, एखाद्या उरलेल्या मिठागराचे चकाकणारे चौकोन. खाली चालताना हे दिसत नाही, मध्ये ट्रेलर असतात. मामी तर राणीसारखी बसली होती. म्हणाली, "इमान यापरीस उंच असतं काय?"

फाट्यावर ट्रेलरने एसटी गाठली. कंडक्टरने खिडकीतून पिशवी हातात दिली आणि बजावलं की आतला स्वेटर कुणाला विकायचा असेल तर दिवाळीनंतर या. ट्रेलर बंदराकडे वळणार होता, म्हणून उरणपर्यंत पुन्हा एसटी. निरोप घेताना ड्रायव्हरने माझी आणखी दोन पत्रकं मागून घेतली. एक काचेवर सूर्य अडवायला. दुसरं, त्याने सांगितलं, मालकाला दाखवायला.

करंजा

उरणहून रिक्षाने करंज्याला या. डोळे मिटून बसलात तरी पोचल्याचं कळेल. पनवेलची माणसं या वासाला नाक मुरडतात. ती नाक मुरडतात त्या वासावर आमची घरं उभी राहिली. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले, जमिनीवर जाळ्यांवर जवळा पसरलेला, आणि त्यामधून उघड्या पायांनी चालणाऱ्या बायका. मामी रिक्षातून उतरली ती चालताना बदलली. पनवेलच्या बँकेत ती पदर सावरून बसली होती. इथे तिने पदर खोचला.

धक्क्यावर बोटी खेटून लागल्या होत्या. बंदी जवळ आली म्हणून सगळ्यांच्या शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या. मामाची बोट लागली होती आणि मामाच्या कोलंबीचा लिलाव सुरू होता. इथला लिलाव ज्याने पाहिला नाही त्याला सांगते, पनवेलच्या शोरूममध्ये भाव विचारायला तुम्ही जेवढा वेळ लावता, तेवढ्यात इथे टोपलीचा मालक बदलतो. मधे शिरायचं नाही. मी शिरले.

"मामा, ओटीपी."

"थांब." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. लिलाव धरणाऱ्या सुगंधाबाईने बघितलं. ही मामीची शेजारीण, आवाज भोंग्यासारखा. तिने बोली थांबवली नाही, बोलीतच मला घातलं. "इमानवाली आली. बाजूला सरा, इमानवाली आली. पुढं बोला."

बोली संपली, आणि बातमी टोपल्यांच्या वर पसरली. आता ऐका, हे मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक बाईचा त्या तिकिटात वाटा होता.

"माझा डबल दाराचा फ्रिज हाय त्यात," एक म्हणाली.

"तुझ्या फ्रिजानं खिडकीबी येनार नाय. माझ्या पोराचा टीव्ही हाय, भितीयेवढा."

सुगंधाबाई म्हणाली, "हिरे, तुझ्या इमानाचं येक चाक माझ्या वाशिंग मशीनचं. उतरताना सांभाळून उतर."

मामा टोपलीवर बसला. हात धुतले तरी बोटांना खवले चिकटलेले. फोन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांतून काढला. माझा फोन त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि मी नवा ओटीपी मागवला. आला. मामाने फोन छातीशी धरला, वर तळवा झाकला, आणि आम्हा सगळ्यांना मान वळवायला सांगितली.

"मामा, मी भाची आहे."

"कागदात भाचीला सूट नाय."

आम्ही मान वळवली. पूर्ण धक्क्याने समुद्राकडे तोंड केलं. मामा एकेक आकडा बघे, झाकी, माझ्या फोनवर टाकी, पुन्हा बघे. बोट ओलं, काच दाद देईना. वेळ संपली. दुसऱ्यांदा मागवला. या वेळी खवला आठ आणि पाच यांच्या मध्ये चिकटला. चूक. पडद्यावर आलं की आता एकच संधी, नंतर खातं उद्यापर्यंत बंद. उद्या बोनस नव्हता. बोनस नाही म्हणजे छाया दवाखान्यात आणि तिची आई कोलकात्यात.

मामीने मामाचा हात ओढून घेतला, आपल्या पदराने एकेक बोट कोरडं केलं, मुलाचं पुसावं तसं, आणि परत दिला. ती म्हणाली, "सावकाश. जाळं सोडताना करतोस तसा."

मामाने सावकाश केलं. खातं निघालं.

मग बँकेचा ओटीपी, तोही गेला. मामाला आता लय सापडली होती. शेवटचा पडदा आला आणि मी तो वाचून दाखवला, कारण मी न वाचता कुणाला सही करू देत नाही. हे पॉइंट एकदा हलवल्यावर कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत. मान्य आहे?

मामाचं बोट वरच थांबलं. "कोन्त्याच कारनानं?"

"नाही."

"इमान रद्द झालं तं?"

"तिकडेच राहतील. आपल्याकडे येणार नाहीत."

"ही कसली रीत. आमी समुद्रात जाळं टाकतो, ते बी परत येतं." त्याने आळीकडे बघितलं. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन त्याच्याकडे बघत होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझ्या पत्रकात जे होतं तेच हा नाखवा म्हणत होता. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मामी बोलली.

"पोर लगीन करून धाडलीस, तवा इचारलंस काय परत येईल म्हनून?"

मामीने त्याचं बोट बाजूला केलं आणि स्वतःच्या अंगठ्याने 'मान्य' दाबलं.

एक चक्र फिरत राहिलं. मी आयुष्यात कुठल्याही चक्राकडे इतक्या श्रद्धेने बघितलेलं नाही. मग थांबलं, आणि दुसऱ्या विमान कंपनीच्या खात्यात, हसुरामच्या नावाखाली, जन्म एक जून, सगळे माइल्स उभे होते. बोनससकट. मी तिथेच जागा बघितल्या. आमच्या तारखेला एक होती. मामाच्या माइल्सवर उडायला मामीचं नाव नॉमिनी म्हणून जोडलं, तिकीट काढलं, आणि सुगंधाबाईने मामाची उरलेली कोलंबीची टोपली माझ्या डोक्यावर ठेवून मला गोल फिरवलं. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, मी नाचत नाही. त्या दिवशी नाचले. खारं पाणी मानेवरून पाठीत गेलं तरी नाचले.

जेवण मामीच्या ओसरीवर. तांदळाची भाकरी, त्याच कोलंबीचं कालवण, तव्यावरची मांदेली, आणि शेवटी ताडगोळे, इतके गार की बोलणं बंद. पनवेलमध्ये मी ज्या ताटाला 'कोस्टल थाळी' म्हणतात ते एकदा खाल्लं होतं. त्यात कोलंबी मोजून होती आणि सोबत पुदिन्याचं पान. मामीच्या ओसरीवर पुदिना नव्हता, मोजणारंही कुणी नव्हतं.

आणि मग विमानतळ

विमानतळ आता पनवेलच्या दाराशीच आहे. ज्या दिवशी मामी निघाली त्या दिवशी आळीने आपापल्या पॉइंटचा हिशेब पिशव्यांतून वसूल केला. फ्रिजने डिंकाचे लाडू दिले, टीव्हीने अळीव, वॉशिंग मशीनने एवढं सुकट की वजनकाट्याने मान टाकली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅम, यात काय आहे?" मामी म्हणाली, "म्हायेर." मी घाईने म्हटलं, सुकी मासळी आहे, चार पिशव्यांत बांधलेली. तिने आणखी एक पिशवी घालून दिली आणि हळूच विचारलं की, मॅम, जवळा आहे का, माझी आजी उरणजवळच्या दिघोड्याची.

आत जायच्या आधी मामी त्या चकचकीत फरशीवर थांबली. पलीकडे काचेतून धावपट्टी दिसत होती. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पूर्वी डोंगर कुठे होता ते आठवून तिकडे हात केला, आणि म्हणाली, "आमचा वाडा हिथं व्हता. ही बाय उभी हाय ना मशीनशी, तिथं आमचं भात."

मला माहीत होतं. मामीचं गाव याच विमानतळासाठी उठलं. मी त्यावर तीन पत्रकं लिहिलीत. पण त्या क्षणी मला त्यातलं एक वाक्य आठवेना. तीच म्हणाली, "तोंड पाडू नकोस. सगळी लोकं हितून परगावी जातात. मी येकटी म्हायेरातून निघतेय." आणि मरून स्वेटर घालून, मे महिन्याच्या उकाड्यात, ती रांगेत लागली.

रात्री जोरहाटहून फोन. विमानात पाव दिला, तो थंड होता. खाली खाडी दिसली, पण करंजा नाही दिसलं, ढग आडवे आले. सेटर कोलकात्यालाच काढला, हितं आपल्यासारखाच घाम. भात आपल्यासारखाच खातात, मासे नदीचे, गोडे, पण वाईट नाय. छाया बरी. बस, ठेव आता, बिल येईल.

मग बंदी सुरू झाली. समुद्र बंद. मामाची बोट वर ओढली होती, आणि मी त्याच्याबरोबर बसून आमच्या नव्या पत्रकाची भाषा ठरवत होते. ट्रेलरचे ड्रायव्हर, डिझेलचे पॉइंट आणि मालकाचा मिक्सर हा विषय. मामाचा फोन वाजला. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांतून बाहेर यायला त्याला नेहमीसारखा वेळ लागला. त्याने ऐकलं. मग फोन तळव्याने झाकून, जणू हाही ओटीपी आहे, माझ्याकडे वळला.

"पोरगी झाली. सकाळी."

"आज?"

"आज. एक जून." त्याने बोटीच्या फळीला पाठ टेकली आणि हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत. बराच वेळ. मग डोळे पुसून म्हणाला, "बाय, हिच्यावर शाळंत कोन इश्वास ठेवनार?"

म्हणून हे छापून ठेवते. पुढेमागे कुठल्या बँकेने, कुठल्या विमान कंपनीने किंवा कुठल्या टायवाल्या अधिकाऱ्याने विचारलं, तर दाखवायला. हसुरामच्या नातीचा जन्म खरोखर एक जूनचा आहे. तो कुठल्या गुरुजींनी लिहिलेला नाही. आजी तिथे हजर होती.